अकरावी नदी

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

"काय अठ्ठावीस?"

"पायऱ्या. आतापर्यंत अठ्ठावीस झाल्या. वर अजून तेवढ्याच दिसतायत."

"मोजा, मोजा. रिटायर झालात तरी पाटबंधारे खात्याची पट्टी हातातून सुटत नाही तुमच्या." इंदू कठड्याला टेकून उभी राहिली आणि हसली. हसताना तिला धाप लागली. "एवढी नदी समोर असताना पायऱ्या कसल्या मोजताय?"

पोर्तो हे गाव मला पहिल्या दिवशीच आवडले नाही. पोर्तुगालात उतरून जेमतेम वीस तास झाले होते. जिकडे बघावे तिकडे चढ. ओल्या दगडांच्या गल्ल्या, पोपडे सुटलेली उंच घरे, खिडक्याखिडक्यांतून लोंबणारे ओले कपडे. लोक म्हणे इथे लांबून लांबून येतात. मला प्रत्येक गल्लीत एकच गोष्ट दिसत होती, की हिला ही चढवेल का. इंदूला मात्र सगळेच साजरे दिसत होते. खाली धक्क्यावर जाऊन तिने वाकून पाण्यात हात बुडवला, साडीचा पदर भिजला, तिकडे तिचे लक्षही नव्हते.

"दोरु," ती पाण्याकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पाचवी. पाचवी नदी ही."

इंदू पेडण्याची. तिच्या लहानपणी तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते आणि शाळाही त्यांचीच. एका खोलीत चारही इयत्ता, एक बाई आणि एक छडी. त्या शाळेत पोर्तुगालच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पाठ म्हणाव्या लागत. मिन्यो, लिमा, कावादु, आव्ह, दोरु, वोगा, मोंदेगु, तेजु, सादु, मिरा, ग्वादियाना. एकूण अकरा. घरापासून हाकेच्या अंतरावर वाहणारी तेरेखोल त्या यादीत नव्हती. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती आणि त्या काळात पोळ्या लाटताना, हृषीला झोपवताना, गाडीची वाट बघताना मी ही यादी हजारदा ऐकली असेन. "एकदा बघायच्या हो मला," असे ती म्हणायची आणि मी "बघू" म्हणायचो.

बघितल्या त्या अशा. जुलैत तिच्या पाठीत आणि पोटात दुखू लागले. कोल्हापुरात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, यकृतापर्यंत गेला होता. "फार तर चार महिने," ते म्हणाले. "हिंडत्याफिरत्या आहेत तोवर त्यांना आवडेल ते करू द्या." मी बाहेर आलो. इंदू बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. "काय म्हणाले?" तिने विचारले. माझ्या तोंडून निघून गेले, "पित्ताशयाला सूज आहे म्हणाले."

मी काही ठरवून बोललो नव्हतो. पण एकदा बोललो ते बोललो. पुण्याहून हृषी आला, त्यालाही तेच बरे वाटले. "आईला कळलं तर ती आजच संपेल, बाबा," तो म्हणाला. आमच्यात असेच असते. माझ्या वडिलांना सांगितले नव्हते, त्यांच्या वडिलांना सांगितले नव्हते. रोग ज्याचा त्याला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक. हृषीने लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटे काढली, आणि ऑक्टोबरात आम्ही निघालो.

पोर्तोहून गाडीने कुइंब्राला गेलो. टेकडीच्या माथ्यावर त्यांचे जुने विद्यापीठ. म्हणजे पुन्हा चढ. मी इंदूला निम्म्यावर एका चौकात बसवले. "मला दमायला झालंय," मी म्हणालो.

"म्हातारे झालात," ती म्हणाली आणि लगेच बसली. तिचा हात पाठीमागे कमरेवर गेलेला मी पाहिला. न पाहिल्यासारखे केले.

शेजारी एक म्हातारा गाड्यावर चेस्टनट भाजत होता. धुराने डोळे चुरचुरत होते. इंदूने त्याला "बोआ तार्द" म्हणून नमस्कार केला, तो खूश झाला. मग हिला काय सुचले कोण जाणे, खाली वाहणाऱ्या नदीकडे बोट दाखवून "मोंदेगु" म्हणाली आणि शाळेतल्या हेलात यादी सुरू केली. म्हाताऱ्याने उलथने खाली ठेवले. त्याचे वय हिच्याएवढेच असावे. तोही त्याच हेलात म्हणू लागला. तो तिथल्या शाळेत शिकलेला, ही पेडण्याच्या, आणि दोघांची चाल एक. मिरापाशी इंदू थांबली. म्हाताऱ्याने हसून शेवटचे नाव घेतले, "ग्वादियाना!"

इंदूचा चेहरा एकदम उतरला. तिने चेस्टनटची पुडी घेतली, आभार मानले आणि मुकाट चालू लागली.

"काय झालं?"

"काही नाही. ते नाव त्याने घ्यायला नको होतं."

"का?"

"ते ताई सांगायची," ती म्हणाली. "मी दर वेळी दहावर अडकायचे. अकरावी काही केल्या आठवायची नाही. ताई मागच्या बाकावर. ती हळूच पुढे वाकून कानात सांगायची. बाईंना ठाऊक होतं, पण त्या काही बोलायच्या नाहीत."

नऊ वर्षांत तिने ताईचे नाव स्वतःहून काढले ते पहिल्यांदाच. सुहासिनीताई तिची थोरली बहीण, म्हापशाला दिलेली. आई त्यांच्याकडेच असायची. आईला शेवटचे दुखणे आले तेव्हा इंदूचे नुकतेच ऑपरेशन झाले होते, म्हणून ताईंनी तिला कळवले नाही. कळवले ते आई गेल्यावर. इंदू तशीच पोटाला हात धरून म्हापशाला गेली. दारातच तिने विचारले, "तुला किती दिवस माहीत होतं?" ताई म्हणाल्या, "बारा." इंदू त्या घरात पाणीही न पिता परत फिरली. "मला न सांगण्याचा हक्क तुला कुणी दिला?" हे तिचे ताईंशी शेवटचे वाक्य. मी तिच्या शेजारी उभा होतो. मी ते माझ्या कानांनी ऐकले होते.

हे सगळे माहीत असून मी तेच केले. का, ते विचारू नका. मीच स्वतःला बारा वर्षे विचारतो आहे.

लिस्बन उजळ होते. निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या भिंती, पिवळ्या ट्राम, आणि तेजु नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ मी अंदाजाने मापू लागलो. दुसरे कुणी असते तर त्या शहराच्या प्रेमात पडले असते. मला त्याचा राग आला. सात टेकड्यांचे शहर! त्या सातही टेकड्या कुणीतरी मुद्दाम माझ्या बायकोच्या वाटेत आणून ठेवल्या आहेत असे मला वाटे. दोरुत, मोंदेगुत बुडवला तसा पहिल्या दिवशी इंदूने तेजुतही हात बुडवला. दुसऱ्या दिवशी ती खोलीतच झोपून राहिली. "जरा सूज वाढलीय वाटतं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखवू." मी "हो" म्हणालो. खिडकीतून ट्रामची घंटा येत होती आणि मला ती ऐकवत नव्हती.

त्या दुपारी हृषीचा फोन आला. मी तो घेऊन जिन्यात गेलो.

"बाबा, मी एक केलंय. मावशीला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं. मला राहवेना. ती खूप रडली, बाबा. आत्ता निघते म्हणत होती. मी सांगितलं, आईला काहीच माहीत नाही. तू आलीस किंवा फोन केलास तर तिला संशय येईल. नऊ वर्षांनी एकदम कशी आठवण झाली, असं वाटेल तिला."

"मग?"

"मग तयार झाली. म्हणाली, ती आपणहून बोलेल तेव्हाच बोलेन. पण बाबा, तिच्या आवाजावरून... आईने कधी फोन केलाच ना, तर मावशीला काही लपवता येणार नाही."

"नाही करणार ती," मी म्हणालो. "तू काळजी करू नकोस."

शेवटी दोन गाड्या बदलून आम्ही अगदी दक्षिणेच्या टोकाला गेलो. विला रियाल नावाचे छोटे गाव. स्टेशनबाहेर आलो आणि मी थांबलोच. सपाट! अडीचशे वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर कुणा मंत्र्याने आखून वसवलेले गाव, चौकोनी, सरळ रस्ते, एकही पायरी नाही. पांढरी घरे, चौकात संत्र्याची झाडे, त्यांखाली बाक. हवेत खारा वास. मी साऱ्या पोर्तुगालला मनातल्या मनात माफ करून टाकले. आठ दिवसांत पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला. इंदू माझा हात धरून चौकापासून नदीपर्यंत न थांबता चालली.

"आता का नाही मोजत?" तिने विचारले.

"मोजण्यासारखं काही नाहीच इथं."

"मग आवडलं म्हणायचं गाव."

"आवडलं," मी म्हणालो, आणि ते खरे होते. एवढ्या शहरांत मला आवडलेले ते एकच.

संध्याकाळचे पाच वाजले होते. नदीपलीकडे स्पेन. एक छोटी बोट या काठावरून त्या काठावर माणसे नेत-आणत होती. काठावर उतरायला सोपा उतार होता. मी इंदूला म्हणालो, "चल, हात बुडव. अकरावी."

ती बाकावरून उठली नाही.

"ही नको," ती म्हणाली. "ही ताईची. ती आल्यावर आम्ही दोघी मिळून हात बुडवू."

"ताई? इथे?"

"का? पुढच्या वर्षी. तिला काय, तिचे पाय माझ्यापेक्षा बरे असतील." बोट पलीकडच्या काठाला लागली. "त्या म्हाताऱ्याने नाव घेतलं ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. तिने का नाही सांगितलं मला? माझे टाके ओले होते म्हणूनच ना? मला त्रास होऊ नये म्हणूनच ना? नऊ वर्षं मी एकच धरून बसले, की तिने माझी आई माझ्यापासून चोरली. चोरलीच. मला आईला दोन शब्द बोलायचे होते, ते राहिले ते राहिलेच. ते मी विसरणार नाही. पण म्हणून बहीणही घालवायची का हो?"

मी बोटीकडे बघत राहिलो.

"अहो, बोला की. तुम्ही असता तर सांगितलं असतं ना मला?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणून तर," ती म्हणाली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात केवढा हलका झाला होता! "द्या, फोन द्या."

"कशाला?"

"ताईला लावते. नंबर पाठ आहे मला. नऊ वर्षांत विसरले नाही. तिला सांगते, ग्वादियानाच्या काठावर बसलेय, आणि नाव आठवत नाही, तू सांग."

ती लहान मुलीसारखी हसत होती. असे हसू मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. फोन माझ्या पँटच्या उजव्या खिशात होता. मला हृषीचे शब्द आठवले. म्हापशाला फोन वाजेल, ताई "इंदू" म्हणून हंबरडा फोडतील, आणि हे हसू इथल्या इथे, माझ्या डोळ्यांदेखत विझेल. मी खिशात हात घातला. फोन बाहेर काढण्याऐवजी अंगठ्याने बटण दाबून धरले. तो बंद होताना एकदा थरथरला, ते मला मांडीला कळले. मग मी तो काढून तिच्यापुढे धरला.

"अरे, हा तर बंद पडलाय. चार्जिंग संपलं."

"आत्ताच?" तिने फोन हातात घेतला, काळ्या पडद्याकडे बघितले. "मग हॉटेलवर जाऊन लावू."

"हॉटेलवर जाईपर्यंत तिकडे साडेदहा होतील. ताई आठाला झोपणाऱ्या. नऊ वर्षांनी अशा वेळी फोन वाजला तर घाबरतील."

"हो, तेही खरंच. मग उद्या."

"उद्या दिवसभर प्रवास. घरी गेल्यावर निवांत बोल. आता नऊ वर्षांचं बोलायचंय, ते काय रस्त्यात उभं राहून बोलणार?"

तिने मान डोलावली. तिला पटले. मी सांगितलेले तिला नेहमीच पटायचे. मग आम्ही बोटीच्या आणखी दोन खेपा पाहिल्या आणि परत फिरलो. त्या सपाट रस्त्यावर तिला तीन ठिकाणी थांबावे लागले.

कोल्हापूरला पोहोचल्यावर पहिल्या दिवशी ती फोनपाशी जाऊन परत आली. "आवाज किती बारीक झालाय माझा. उद्या सकाळी करते. रडका आवाज ऐकवायचा नाही मला तिला." दुसऱ्या दिवशी ती झोपूनच होती. मला हायसे वाटले होते. हे सांगायलाही लाज वाटते, पण वाटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे पिवळे झाले आणि तिला हृषी ओळखू येईना.

दवाखान्यात ती चार दिवस होती. बहुतेक वेळ ग्लानीतच. शेवटच्या दुपारी मी जवळ बसलो होतो. तिचे ओठ हलत होते. मी वाकून ऐकले. "मिन्यो, लिमा, कावादु..." आवाज जवळजवळ नव्हताच, फक्त तो शाळेतला हेल होता. "... तेजु, सादु, मिरा." आणि ती थांबली.

थांबली, आणि तिने मान वळवायचा प्रयत्न केला, मागे. उशीकडे, भिंतीकडे. वाट पाहिली.

मी तिच्या कानाशी म्हणालो, "ग्वादियाना."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिची मान तशीच मागे वळलेली होती. ती कुणा दुसऱ्याच आवाजाची वाट पाहत होती. संध्याकाळी ती गेली.

हृषीने आदल्या रात्री ताईंना निघायला सांगितले होते. त्याआधी सांगायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. म्हणजे मी ठरवले होते. ही शुद्धीत असताना ताई दिसल्या तर हिला कळेल, म्हणून. हिला तर कशाचीच शुद्ध नव्हती. घाटात रस्ता बंद होता, एस.टी. अडकली. ताई पोहोचल्या तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो. त्या कुणावर चिडल्या नाहीत. आत येऊन भिंतीशी बसल्या. त्यांच्या पिशवीत इंदूसाठी घरच्या आमसुलांची बरणी होती.

बाराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ताई एकट्याच तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "दिनकरराव, एक विचारू?"

"विचारा ना."

"माझं नाव काढलं का तिनं? शेवटी शेवटी?"

सांगायचे म्हटले तर एक वाक्य पुरले असते. पण त्या वाक्यामागे तो बाक येणार होता, माझा खिसा येणार होता. ताई विचारणार होत्या, मग फोन का नाही केला तिनं?

"शुद्धच नव्हती हो तिला," मी म्हणालो.

"त्याआधी? तिकडे गेला होता तेव्हा?"

"नाही."

त्यांनी दोन खडे काढून ताटाच्या कडेला ठेवले. "नाहीच काढणार," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं. मी आईचं कुठं सांगितलं होतं तिला."

ताई वारल्या त्यालाही आता चार वर्षे झाली. बारावा झाल्यावर त्या म्हापशाला निघाल्या त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो. सकाळची गाडी. खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या, आणि गाडी सुरू झाल्यावर त्यांना काहीतरी आठवले. त्यांनी काच सरकवली.

"दिनकरराव, नद्या बघितल्या का हो तिनं? शाळेतल्या?"

"चार ठिकाणी गेलो. चारांतल्या तीन नद्यांत हात बुडवला तिनं."

"आणि चौथी?"

"राहिली."

"कुठली राहिली?"

कंडक्टरने घंटी दिली. ताई माझ्याकडे बघत होत्या. अजूनही सांगता आले असते.

"नाव आठवत नाही," मी म्हणालो.

गाडी हलली. ताईंनी पुढे वाकून खिडकीबाहेर तोंड काढले.

"ग्वादियाना असेल," त्या म्हणाल्या. "तीच विसरायची ती नेहमी."